वहीतला पत्ता

सदानंद चाळ, परळ गाव
१२ जानेवारी २०२५

आदरणीय सर,
सविनय जयभीम.

तुमचं नव्या वर्षाचं पत्र मिळालं, पण पुन्हा खालच्या सतरा नंबरातून. सर, आम्ही दुसऱ्या मजल्यावर शेहेचाळीसमध्ये येऊन नऊ वर्षं झाली. सतरामध्ये मीनाक्षीताई राहतात, ब्लाउज शिवतात. उजेडासाठी मशीन अगदी दाराशी लावलंय. पोस्टमननेही आता नाद सोडलाय. तो दारातून नुसतं "येलवे वकील?" म्हणतो आणि ताई मान वर न करता हात लांब करतात, "हो हो, हयच, द्या." मग चौकात उभ्या राहून वर हाक मारतात, "दीपिका गो, तुज्या सरांचा पत्र इला!" अख्ख्या चाळीला कळतं की सरांनी दीपिकाला झापलंय. तुमच्या त्या लाल पत्त्यांच्या वहीत एकदाची दुरुस्ती करा ना. खोली नंबर ४६.

गिरगावात येऊन समोरच बोलले असते. पण गळ्याच्या ऑपरेशननंतर तुम्ही कुणाला भेटत नाही, फोनवर बोलू शकत नाही, आणि मोबाइलवर अक्षरं दाबणं तुम्हाला कमीपणाचं वाटतं. राहिलं हे पत्र.

आता कामाचं. रुपाली म्हणून माझी एक पक्षकार आहे, प्रभादेवीची. नवऱ्याने मारून तिचा डावा कान कायमचा बंद केलाय. नवरा हितेंद्र, रे रोडला त्याची लाकडाची वखार आहे. त्याला घराबाहेर काढावं असा अर्ज मी केलाय. गेल्या तारखेला कोर्टाच्या जिन्यात तो माझ्या मागोमाग उतरला आणि अगदी हळू म्हणाला, "मॅडम, तुम्ही दादरला उतरता की परळला?" एवढंच. दहा वर्षांच्या वकिलीत शिव्या खूप खाल्ल्या, त्यांचं काही वाटत नाही. या प्रश्नाने मात्र दोन दिवस घास उतरला नाही.

म्हणून विचारते. माझ्या शिक्क्यावर अजून तुमच्या गिरगावच्या चेंबरचा पत्ता आहे. तो वकालतनाम्यावर उठतो आणि त्याची प्रत समोरच्या पार्टीच्या हातात जाते. माझं चेंबर नाही, कधी होईलसं वाटत नाही. तुमचा पत्ता काढला तर घराचा घालावा लागेल, आणि दिवसभर घरी आई एकटी असते. तो शिक्का चालू ठेवू ना?

तुमची,
दीपिका

*

गिरगाव
१७ जानेवारी २०२५

चि. दीपिका,
आशीर्वाद, आणि त्यांच्या जोडीला एक कानउघाडणी.

अक्षर सुधार. न्यायाधीश तरुण असतील, माझे डोळे नाहीत.

वहीचं म्हणशील तर तिच्यात एकदा लिहिलं ते लिहिलं. खाडाखोड केलेल्या कागदाकडे कोर्ट संशयाने बघतं, हे तुला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. शिवाय तुझे वडील बुधाजी मला त्या सतरा नंबरातच पहिल्यांदा भेटले. गिरणी बंद पडली तेव्हा कामगारांच्या सह्या घ्यायला मी आलो होतो. तू दारात बसून पाढे म्हणत होतीस, तेही चुकीचे. तू वरच्या मजल्यावर गेलीस हे मला ठाऊक आहे गं. पत्र पोचतंय ना? मग झालं.

शिक्का चालू ठेव. दारावर पाटी अजून माझीच आहे. त्या पाटीखालून तुझ्यापर्यंत पोचायला माणसाला आधी माझ्याशी गाठ घालावी लागेल.

हितेंद्रने तुला प्रश्न विचारला. प्रश्नाची फिर्याद होत नसते. मला एकदा एका पार्टीने भर व्हरांड्यात सुरा दाखवला. मी म्हटलं, धार लावून आण, बोथट दिसतोय. सगळा मजला हसला, त्या माणसाचं तोंड पडलं. माझा आवाज तेव्हा खाली रस्त्यावर ऐकू जायचा. काळा कोट घातला की मागे वळून बघायचं नाही. तू रडत चौकीवर गेलीस तर उद्या पक्षकार म्हणतील, ही बाई स्वतःला सांभाळत नाही, आम्हाला काय सांभाळणार.

आता त्या आवाजाच्या जागी गळ्याला भोक आहे. श्वास घेतला की शिट्टी वाजते. नात श्रेया मला प्रेशर कुकर म्हणते. सात वर्षांची आहे. मला न घाबरणारं या घरात तेवढं एकच माणूस आहे.

कोर्टाचा कागद जपायचा, खाजगी फाडायचा. हे वाचून फाडून टाक.

शामराव पाटणकर

*

परळ गाव
२ फेब्रुवारी २०२५

आदरणीय सर,
सविनय जयभीम.

हुकूम मिळाला! हितेंद्रने आठ दिवसांत घर सोडायचं आणि रुपालीच्या आसपास फिरकायचं नाही. बुधवारी दुपारी साहेबांनी वाचून दाखवला. रुपालीने उजवा कान पुढे करून ऐकला आणि मला विचारलं, "म्हणजे मी जिंकले का, मॅडम?"

आम्ही बाहेर आलो. तो दाराशीच उभा होता. त्याने माझ्या गळ्याचा पांढरा बँड धरला आणि असा ओढला की मी बाकावर आपटले. मान अजून वळत नाही. तो म्हणाला, "हा पट्टा कुणी बांधला गं तुला?" चाळीस वकील होते, सर. मी मोजले नाहीत, पण रोजचे सगळे होते. एकाने मोबाइल काढला तेव्हा वाटलं, पोलिसांना लावतोय. तो शूटिंग करत होता. ड्युटीवरचा हवालदार चहाला गेला होता. रुपाली तेवढी मध्ये पडली. तिला तर आता मधे पडायची सवयच आहे.

तुमचं न ऐकता मी चौकीवर गेले. चार तास बाकड्यावर बसवलं. "मॅडम, तुम्ही वकील ना, तुम्हाला कळायला पाहिजे, हे अदखलपात्र आहे." मग चौकीचे साहेब म्हणाले, "आधीची काही ओळख होती का तुमची?" ते हसले नाहीत. खरंच विचारत होते.

आमच्या असोसिएशनचे अध्यक्ष विनीतसाहेब मात्र लगेच उभे राहिले. शुक्रवारी सगळ्यांनी लाल फिती लावून कामावर बहिष्कार टाकला. पायऱ्यांवर फोटो निघाला. माझ्या शेजारी हितेंद्रचा वकील होता. त्याची फीत माझ्यापेक्षा मोठी. आता गंमत ऐका. त्याच शुक्रवारी, हुकूम बजावायला पोलिसांची मदत द्यावी, हा माझा अर्ज बोर्डावर होता. बहिष्कारामुळे कुणीच उभं राहू शकलं नाही. पुढची तारीख दहा मार्च. तोवर तो त्याच घरात राहणार आणि रुपाली बहिणीच्या स्वयंपाकघरात झोपणार.

आता मी बायकांच्या बाररूममध्ये बसते. तिथल्या दाराला आतून कडी नाही. तीनदा अर्ज दिला. मी खुर्ची लावते दाराला.

सर, मला भीती वाटते. हे मी आईला सांगितलेलं नाही. तुम्हालाच सांगते आहे.

दीपिका

*

गिरगाव
११ फेब्रुवारी २०२५

चि. दीपिका,
आशीर्वाद.

मी सांगितलं होतं, चौकीवर जाऊ नकोस. गेलीस. आता ऐक.

एक, ही केस सोड. रुपालीला रीतसर नोटीस दे, कोर्टाची परवानगी घे आणि वकालतनामा मागे घे. सरकारी पॅनेलवर कुणी ना कुणी तिला मिळेल. वकिलाने पक्षकाराच्या संसारात जीव गुंतवू नये.

दोन, एक मार्चपासून माझा पत्ता शिक्क्यावर चालणार नाही. आमची वाडी पुनर्विकासाला जाते आहे, कागदपत्रांची गडबड आहे, आणि आमची पूर्वी, म्हणजे सून, म्हणते की तुझ्या नावाची पाकिटं घरात येतात ती तिला नकोत. नवा शिक्का करून घे.

शनिवारी तुझा तो हितेंद्र इथे येऊन गेला. पेढ्यांचा बॉक्स आणला होता. पाया पडला. मला बोलता येत नाही म्हटल्यावर तोच बोलत राहिला. आईविषयी बोलला, लाकडाच्या धंद्याविषयी बोलला. चहा घेतला. तू रंगवतेस तेवढा राक्षस काही वाटला नाही. दोन्ही बाजू ऐकाव्यात हे आपल्या धंद्याचं मूळ आहे, ते तू अलीकडे विसरलीस.

वाचून फाडून टाक.

शामराव पाटणकर

*

परळ गाव
१६ फेब्रुवारी २०२५

आदरणीय सर,
सविनय जयभीम.

पत्र वाचून रडले. रागाने रडले, म्हणून लगेच लिहायला बसले नाही.

पत्ता तुमचा आहे, तुम्ही केव्हाही काढून घेऊ शकता. दहा वर्षं वापरू दिलात, त्याबद्दल मी कायम ऋणी राहीन. नव्या शिक्क्यावर बाररूमचा पत्ता टाकलाय. कडी नसलेल्या दाराचा. घराचा पत्ता मी कोर्टाच्या एकाही कागदावर टाकलेला नाही.

केस मात्र सोडत नाही. पॅनेलवरचे कोण आहेत ते तुम्हालाही ठाऊक आहे. ते रुपालीला तडजोड करायला लावतील आणि हात झटकतील. तिचा उजवा कान अजून शाबूत आहे, सर. तो मला तसाच राहायला हवाय.

पण तो तुमच्याकडे का आला? पत्ता शिक्क्यावरचा, हे कळलं. पेढे कशाला? तुम्ही त्याच्याविषयी एवढं लिहिलंत, तो काय बोलला ते लिहिलंत, पण त्याने काय विचारलं ते लिहिलं नाहीत. साक्षीदार नको तिथे पाल्हाळ लावतो तेव्हा तो काय गाळतोय ते बघायचं, हे तुमच्याचकडून शिकले. म्हणून स्पष्ट विचारते आणि स्पष्ट उत्तर मागते. त्याने माझ्या घराविषयी काही विचारलं का? विचारलं असेल तर एक ओळ लिहा. मी आईला मामाकडे पाठवते, खालच्या गेटला कुलूप लावायला चाळ कमिटीला सांगते. भीती वाटली तरी चालेल, पण माहीत असलेलं बरं.

दीपिका

*

गिरगाव
२० फेब्रुवारी २०२५

चि. दीपिका,
आशीर्वाद.

त्याने तुझ्या घराविषयी काहीही विचारलं नाही. उगाच मनाचे खेळ करू नकोस. वकालतनामा मागे घे.

फाडून टाक.

शामराव पाटणकर

*

परळ गाव
९ मार्च २०२५

सर,

मंगळवारी, चार मार्चला, दुपारी चारच्या सुमारास आमच्या चाळीत दोन माणसं आली. मी कोर्टात होते. ती सरळ सतरा नंबरवर गेली. मीनाक्षीताई दाराशी मशीनवर होत्या, कुणाच्या तरी लग्नाचा ब्लाउज होता, खाली मान घालून बाहीला अस्तर लावत होत्या. एकाने विचारलं, "येलवे वकील?"

ताईंनी मान वर केली नाही. हात लांब केला आणि म्हणाल्या, "हो हो, हयच, द्या."

त्यांनी तो हात धरला, मशीनवर पालथा ठेवला आणि लोखंडी गजाने मारला. एकदा नाही. समोरच्या खोलीतल्या माणसाने मोजलं, पाच वेळा. जाताना एक म्हणाला, "लिही आता अर्ज."

आई वर भांडी घासत होती. ताईंचा आवाज तिला आला. तिला वाटलं, पत्र आलं असेल, हातातलं संपवून जाऊ. तिने दोन पातेली विसळली आणि मग खाली गेली. ती आता जेवत नाही. मला सारखी विचारते, "दोन पातेल्यांना किती वेळ लागतो गं?"

ताईंच्या उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. अंगठा आहे, पण तो वळणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी हॉस्पिटलात गेले तेव्हा ताई शुद्धीवर होत्या. मला म्हणाल्या, "माका वाटला पत्रच आसतला. म्हणान हात पुढे केलंय." मग भिंतीकडे तोंड केलं. काल गेले तर त्यांच्या भावाने दारातच अडवलं.

मी असोसिएशनकडे गेले. विनीतसाहेब फार हळहळले. म्हणाले, "दीपिका, ठराव वकिलावर हल्ला झाला तर करता येतो. इथे टेक्निकली हल्ला झालाय शिंपिणीवर." मी त्यांना म्हटलं, गज माझ्यासाठी होता. ते म्हणाले, "ते खरं, पण लागला नाही ना तुला."

गुरुवारी रुपालीने अर्ज मागे घेतला. मला न विचारता, थेट कोर्टात जाऊन. संध्याकाळी फोन केला, "नको मॅडम. पुढचा हात माझा असेल. नाहीतर तुमचा. मी घरी जाते." ती गेली. तो हुकूम माझ्या फाइलमध्ये आहे, खूप सुंदर टाइप केलेला.

ती दोन माणसं कॅमेऱ्यात दिसली, पकडलीही गेली. म्हणतात, रस्त्यात बाचाबाची झाली होती. हितेंद्रचं नाव घेत नाहीत. तपास अधिकारी मला म्हणाला, "मॅडम, यांना पत्ता कुणी दिला तेवढं कळलं तर मी मालकापर्यंत जातो. नाहीतर इथेच संपलं."

मग मी बसून एकेक कागद आठवला, सर. वकालतनाम्यावर तुमचा पत्ता, मग बाररूमचा. मतदार यादीत शेहेचाळीस, रेशनकार्डावर शेहेचाळीस, सनदेच्या नोंदीतही मी शेहेचाळीस करून घेतलंय. चाळीत कुणालाही विचारलं असतं तर त्याने बोट वर केलं असतं. सतरा नंबरात राहणारी येलवे वकील या मुंबईत एकाच ठिकाणी आहे.

सोळा फेब्रुवारीला विचारलं होतं, तेच पुन्हा विचारते. त्या शनिवारी त्याने तुम्हाला काय विचारलं?

दीपिका

*

गिरगाव
१५ मार्च २०२५

चि. दीपिका,
आशीर्वाद. नको असले तरी.

तुला खोटं लिहिलं ते कबूल करतो.

पेढे ठेवल्यावर त्याने श्रेयाला मांडीवर घेतलं. नाव विचारलं, शाळा विचारली. शाळा किती वाजता सुटते, न्यायला कोण येतं, विचारलं. ती खुळी पोर सगळं सांगत बसली. रिक्षावाल्या काकांचं नावसुद्धा सांगितलं. मग तिच्या केसांवरून हात फिरवत तो मला म्हणाला, "आजोबा, वकीलबाई राहतात कुठे?" सून आत चहा करत होती. मी ओरडायला गेलो. नुसती शिट्टी वाजली. श्रेया हसली. तिला वाटलं, मी गंमत करतोय.

मी वही उघडली आणि ओळीवर बोट ठेवलं. त्याने मोबाइलवर फोटो काढला, पोरीला खाली ठेवलं आणि चहा पिऊन गेला.

तुला शब्दांत दिसतं तसं ते नव्हतं. एका क्षणात ठरवायचं होतं. आता नीट ऐक. वहीत खोली सतरा आहे आणि तू तिथे राहत नाहीस, हे मला ठाऊक होतं. बोट ठेवताना ठाऊक होतं. मी त्याला खोटा पत्ता दिला, दीपिका. खऱ्या वहीतला खोटा पत्ता. त्याला संशय आला नाही. श्रेया सुटली आणि तू सुटलीस. त्या बाईचं झालं त्याचं मला दुःख आहे, पण ती वकील नाही हे पाहून ते परत जातील, असंच मी धरून चाललो. ती "हो" म्हणेल हे मला कसं कळावं? तुझे दोन्ही हात आज जागेवर आहेत ते कुणामुळे, याचा विचार कर. बुधाजींना मी शब्द दिला होता, पोरीला सांभाळीन. माझ्या परीने सांभाळलं.

ही गोष्ट आपल्या दोघांत राहू दे. पूर्वीला यातलं काही माहीत नाही. मी सत्तर ओलांडली, मला आता कोर्टाची पायरी नको.

हे पत्र मात्र नक्की फाड. विनंती समज.

शामराव पाटणकर

*

परळ गाव
२३ मार्च २०२५

श्री. शामराव पाटणकर यांस,

तुमचं पत्र आलं. या वेळी पोस्टमन ते घेऊन दुसऱ्या मजल्यावर आला. सतराच्या दारावर आता पुठ्ठा लावलाय. मीनाक्षीताईंनी डाव्या हाताने लिहिलाय, अक्षरं लहान मुलाच्या पाटीवरची वाटतात. "येथे वकील राहत नाही." खाली दोन रेघा ओढल्यात. मशीन त्यांच्या भावाने चादरीत गुंडाळून ठेवलंय. मी समोरून गेले की आतून दार लावतात. रोज दोनदा लावतात, जाताना आणि येताना.

तुम्ही म्हणता, तुम्हाला ठाऊक होतं मी तिथे राहत नाही. माझा विश्वास बसला. सतरा जानेवारीच्या पत्रात तुम्ही तसं लिहिलंयही. म्हणजे चूक झाली हा बचाव तुम्हीच काढून टाकलात. सतरामध्ये कोण राहतं तेही तुम्हाला ठाऊक होतं, कारण ते मी त्याच महिन्यात लिहिलं होतं. मीनाक्षीताई, ब्लाउज शिवतात, मशीन दाराशी, पत्र आलं की "हो हो, हयच, द्या." ती "हो" म्हणेल हे कसं कळावं, असं विचारता? मीच तुम्हाला कळवलं होतं. हसत हसत कळवलं होतं. याचं मला काय वाटतं ते लिहिणार नाही, ते तुमच्यासाठी नाही.

आणि हे सगळं सोडून देऊ. पोरीच्या केसांत त्याचा हात होता, तुमच्या जागी मीही बोट ठेवलं असतं. खरंच ठेवलं असतं. पण तो शनिवार आठ फेब्रुवारीचा. गज पडला चार मार्चला. मधे चोवीस दिवस गेले. सोळा तारखेला मी लेखी विचारलं आणि वीस तारखेला तुम्ही लेखी नाही म्हणालात. तेव्हा तुमच्या समोर कुणी बसलं नव्हतं, श्रेया कुणाच्या मांडीवर नव्हती. तुम्ही खुर्चीत होतात आणि हातात पेन होतं. एक ओळ, सर. मी खाली जाऊन ताईंना सांगितलं असतं, माझ्या नावाने कुणी आलं तर हात पुढे करू नका.

शेवटचं "सर" सवयीने आलं. खोडत नाही, खाडाखोड तुम्हाला चालत नाही.

तुमची सगळी पत्रं पाकिटांसकट माझ्याकडे आहेत. प्रत्येकावर तुमच्या हातचं "खोली १७" आहे. तुम्ही दर वेळी फाडायला सांगितलंत आणि मी दर वेळी फाइलला लावलं, कारण ज्या माणसाने मला कागद जपायला शिकवलं त्याच्या हातचा कागद फाडवेना. शुक्रवारी ती फाइल तपास अधिकाऱ्याला दिली. लाल वही घ्यायला ते या आठवड्यात येतील. हितेंद्रपर्यंत जाणारा रस्ता तेवढा एकच आहे आणि तो तुमच्या टेबलावरून जातो.

तुम्हाला बोलता येत नाही म्हणून साक्ष टळेल, असं मनात असेल तर काढून टाका. ज्याला वाचा नाही तो साक्षीदार लिहून साक्ष देतो. मात्र भर कोर्टात, सगळ्यांसमोर लिहावं लागतं. हे मला कुणी शिकवलं ते तुम्हाला आठवत असेल. मी मागच्या बाकावर बसेन. त्या दिवशी कुणी मधे बोलणार नाही, नुसता पेनचा आवाज येईल आणि तुमच्या श्वासाचा.

पूर्वीवहिनींना मी वेगळं पत्र टाकलंय. श्रेयाची शाळा आणि रिक्षा दोन्ही बदला, असं लिहिलंय, आणि का तेही लिहिलंय. महिनाभर ती पोर त्याच वेळेला, त्याच रिक्षातून, त्याच रस्त्याने घरी येत होती आणि तिच्या आईला त्यातलं काही माहीत नव्हतं. मला लिहायची ओळ तुम्ही वाचवलीत, ते मी समजू शकते. वहिनींना सांगायची ओळसुद्धा वाचवलीत.

वकिली मी सोडत नाही. काल आईला विचारलं, मामाकडे जातेस का. ती ताटावरून उठली, हात धुतला आणि म्हणाली, "तुझ्या नावाचा दगड दुसऱ्याच्या दारावर पडला, हे बघून मी मामाकडे जाऊ? पत्ता लिही आपला. मोठ्या अक्षरात लिही." मग पुन्हा जेवायला बसली. अठरा दिवसांनी पोटभर जेवली. नंतर खाली जाऊन ताईंच्या दारात भाकरीचा डबा ठेवून आली. सकाळी तो तिथेच होता, न उघडलेला. आज पुन्हा ठेवलाय.

घाबरले नाही, असं समजू नका. जिन्यात पाऊल वाजलं की मी दोन्ही हात पदराखाली घेते. भर कोर्टातसुद्धा घेते. परवा साहेबांनी विचारलं, "मॅडम, थंडी वाजते का?"

आज सकाळी नवा शिक्का करून आणला. आतापासून प्रत्येक वकालतनाम्यावर तो उठेल आणि त्याची प्रत समोरच्या प्रत्येक माणसाच्या हातात जाईल. पहिला ठसा तुम्हाला पाठवते आहे. पोलीस वही न्यायच्या आत तिच्यात दुरुस्ती करून घ्या.

अ‍ॅड. दीपिका बुधाजी येलवे
खोली क्र. ४६, दुसरा मजला,
सदानंद चाळ, परळ गाव, मुंबई